खिळ्यांचे टायर

डोंगरातल्या नारीन गावच्या गाडीतळावर कालिपा पहिल्यांदा गाडी घेऊन उभी राहिली, तेव्हा बाकीचे ड्रायव्हर तोंड फिरवून हसले. पन्नाशीची बाई, डोक्याला लोकरी रुमाल, आणि मागे सात सीटची जुनी जपानी गाडी. गाडी मात्र सगळ्यांच्या ओळखीची होती. तिचा नवरा शारशेन ती दोलोनच्या खिंडीतून पलीकडच्या कोचकोरला इतक्या वेळा घेऊन गेला होता, की लोक म्हणत, शारशेन झोपला तरी गाडी आपली आपण घरी येईल.

मग शारशेनला काचबिंदू झाला. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग हळूहळू मधलंही गेलं. आता त्याला उजेड कळायचा, दारात कुणीतरी उभं आहे एवढं कळायचं, पण कोण, ते कळायचं नाही. गाडी विकायचं ठरलं. गिऱ्हाईक अंगणात आलं, त्याने बॉनेट उघडून पाहिलं, आणि कालिपाने किल्ली पदराआड धरावी तशी कोटाच्या खिशात घालून टाकली.

"मी शिकते," ती म्हणाली.

ती शिकली. दिराने नदीकाठच्या कुरणात तिला शिकवलं. पण शारशेन त्या दिवसापासून गाडीत बसला नाही. एकदा तिने फारच आग्रह केला तेव्हा म्हणाला, "मी काय बोचकं आहे, मागे टाकून न्यायला?" तिने पुन्हा विचारलं नाही. गाडीविषयी त्याच्याशी बोलणंच तिने सोडून दिलं. जखमेवर मीठ कशाला, असं तिला वाटायचं.

म्हणून दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर टायर झिजलेले दिसले, तेव्हाही तिने त्याला विचारलं नाही. ओढ सगळी पुढच्या चाकांना, तेव्हा पुढचे दोन चांगले असले की झालं, असा तिने हिशोब केला. बाजारातल्या टायरवाल्या मेदेरनेही मान डोलावली. पुढे दोन थंडीचे, मऊ रबराचे टायर बसले, मागे उन्हाळ्यातलेच राहिले. गाडी चढावर झकास चढली. कालिपा खूश झाली.

उताराचं तिच्या लक्षात आलं नव्हतं. खिंडीच्या पलीकडे दिवसा ऊन पडलं होतं आणि दुपार कलताच वितळलेलं पाणी गोठून त्याची काच झाली होती. एका वळणावर तिने ब्रेकला जरासा पाय लावला. पुढची चाकं जमिनीला धरून राहिली आणि मागची निघाली. गाडीने जागच्या जागी अर्धी गिरकी घेतली, आणि कडेच्या बर्फाच्या ढिगाला टेकून नारीनच्या दिशेला तोंड करून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मागच्या सीटवरचे एक आजोबा टोपी सारखी करत म्हणाले, "पोरी, नारीनला काही विसरलीस का?"

सगळे हसले. कालिपाही हसली. हसता हसता तिने स्टिअरिंग एवढं घट्ट धरलं होतं, की बोटं सोडवताना दुखली.

घरी आल्यावर दुधाचा चहा ओतताना किटलीचं तोंड वाटीच्या काठावर खुळखुळलं. शारशेनने ते ऐकलं. त्याने नुसता हात पुढे करून किटली तिच्या हातातून घेतली आणि म्हणाला, "बस. मी ओततो." आणि खरंच, आवाजाच्या अंदाजाने त्याने दोघांचाही चहा ओतला. थोडा सांडला.

सकाळी ती अंगणात आली तर तो गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलेला. हातमोजा काढलेला हात टायरवरून फिरत होता. अंगठ्याचं नख तो रबरात रुतवू पाहत होता.

"लाकूड आहे हे," तो म्हणाला. "पुढचे बरे आहेत. कुणी सांगितलं दोनच घ्यायला?"

"कुणी नाही. मीच घेतले."

"घोड्याच्या पुढच्या पायांना नाल ठोकायची आणि मागचे तसेच सोडायचे? बर्फावर काय होईल त्याचं?"

कालिपा त्याच्या शेजारी खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. आजोबांचं बोलणंही सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"डोळे गेलेत माझे, कालिपा. हात आहेत अजून."

दोघं बाजारात गेली, चालतच, तो तिच्या दंडाला धरून. मेदेरने काळंभोर पॉलिश मारलेला एक टायर पुढे केला. शारशेनने त्याच्या कडेवरचे उठावाचे, बनावटीच्या वर्षाचे आकडे बोटांनी चाचपले आणि टायर तसाच परत ढकलला. "अरे बाबा, हा तर माझ्या धाकट्या लेकीहून मोठा आहे. तिचं लग्न झालं."

"दादा, रबर आहे ते, दूध आहे का नासायला?" मेदेर म्हणाला.

"दूध नासलं तर वास तरी येतो."

शेवटी दोन संच उरले, चार चार टायरचे. दोन्ही मऊ, दोन्ही नवे. एकाला बर्फात रुतायला लोखंडी खिळे बसवलेले होते, दुसऱ्याला नव्हते. शारशेन उठून उभा राहिला आणि त्याने हात झटकले.

"आता तू ठरव."

"मी? तुम्ही सांगा ना."

"गाडी कोण चालवतं?"

असं तो त्याआधी कधी म्हणाला नव्हता. कालिपा खाली वाकली, तिनेही अंगठा दाबून पाहिला. मग म्हणाली, "गावात रस्ता कोरडाच असतो, तिथे खिळ्यांची कटकटच होईल. पण मला भीती गावाची नाही. मला त्या काचेची भीती वाटते."

"मग खिळ्यांचे घे," तो म्हणाला. "आवाज करतील. करू देत. आणि पहिले काही दिवस जपून, कचकन ब्रेक मारायचा नाही. खिळे रबरात नीट बसायला हवेत."

दुसऱ्या दिवशी चारही चाकं चढली, आणि कालिपा प्रवासी गोळा करायला निघणार, तेवढ्यात शारशेन कोट घालून दारात आला.

"मीही येतो. आवाज ऐकायला हवा."

तो पुढे, तिच्या शेजारी बसला. चढावर टायर करकर वाजत होते आणि तो कान देऊन ऐकत होता. "आता बर्फ," तो म्हणायचा. "आता डांबर." मागचे प्रवासी खिडकीतून पाहून म्हणायचे, बरोबर. खिंडीच्या अलीकडे तो बोलायचा थांबला. कालिपाने पाहिलं, तर त्याची मान खिडकीला टेकली होती.

आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत त्याचा डोळा लागला नव्हता. भावाच्याही नाही. तिने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. गाडीतल्या गप्पा हलक्या झाल्या. त्या वळणावर तिने गाडी हळूच उतारावर घातली, काचेवर खिळ्यांनी दात रोवले, आणि गाडी सरळ राहिली.

सपाटी लागल्यावर तो दचकून जागा झाला.

"खिंड आली का?"

"मागे पडली," कालिपा म्हणाली. "झोपा तुम्ही. कोचकोर आलं की उठवते."