एडके तिकडे, मेंढ्या इकडे

जवळ ये बघू, दारातूनच काय पळतेस! जामबाग मोहल्ल्यात आमच्यासमोर राहतात ना, ते सरकारी मेंढीफार्मचे साहेब? कुणाचीही शाल चिमटीत चोळून "चुभती क्या, भाभी?" विचारणारे. मऊ लोकरीची, झटकन कातरता येणारी जात त्यांनी वर्षानुवर्षं जोपासली. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, तसा कळप वाटायचा हुकूम आला: एडके एका राज्याला, मेंढ्या दुसऱ्याला! आणि या गृहस्थांनी स्वतःच जनावरांच्या पाठींवर वाटणीच्या गेरूच्या खुणा केल्या.

मी ओरडलेच, "अहो, ह्या काय वाटून घ्यायच्या खुर्च्या आहेत? पुढची कोकरं कुठून येणार?"

"हुकूम है ना, भाभी," म्हणाले, बोटं पुसत.

वरच्यांना एका शब्दानं 'असं का?' म्हणून विचारलं नाही यांनी! अजून संताप होतो. पुन्हा लवकर ये गं. हा राग एकटीनं किती धरू?