चपलांशेजारचे डबे

माझे अकरा डबे चपलांशेजारी ठेवले होते. मराठी मंडळाच्या हॉलबाहेर, सगळ्यांच्या देखत. ठेवले होते अध्यक्षबाईंनी, एका मोठ्या सरकारी साहेबांच्या पत्नीने. सगळे त्यांना वहिनी म्हणतात.

नवऱ्याचा हावड्याचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून कोलकात्यात बेहाल्यातलं आमचं घर या जेवणाच्या डब्यांवर चालतं. आयटीतली मराठी पोरं रविवारी मंडळात येतात, तिथेच डबे नेतात. त्या रविवारी वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "अगं, लायसन्स आहे का तुझ्याकडे? घरचं असं विकणं बेकायदेशीर असतं. उद्या कोणाला काही झालं म्हणजे?"

पोरं मोबाइलमध्ये बघत राहिली. मी वाकून डबे उचलले आणि म्हणाले, "चुकलं, वहिनी."

काय चुकलं होतं माझं? त्या शब्दाचा राग आजही येतो. त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

बसमध्ये पिशव्या मांडीवर घेऊन बसले. आमटी सांडून साडी भिजली. तेव्हा आठवलं, दर गणपतीला घरच्या याच स्वयंपाकघरात मी मंडळासाठी दोनशे एक उकडीचे मोदक करते. पहाटेपासून उभी. फुकट. "साक्षात अन्नपूर्णा गं तू," असं याच वहिनी म्हणतात. तेव्हा नाही कोणी लायसन्स विचारलं. फुकट खाऊ घातलं की अन्नपूर्णा. विकलं की गुन्हेगार.

घरी लेकीने मोबाइलवर शोधलं. घरच्या स्वयंपाकघरालाही सरकारी नोंदणी मिळते. साधा अर्ज. आमच्या मंडळात एवढे सरकारी साहेब, एकाने तरी सांगायचं! पण वहिनींना मला कायदा सांगायचाच नव्हता. जागा दाखवायची होती.

अर्ज केला. कागद यायच्या आतच वहिनींचा फोन आला. "यंदाही मोदक तुझेच हं!"

"नाही जमणार. माझं स्वयंपाकघर बेकायदेशीर आहे."

"अगं, देवाच्या कामाला कसलं लायसन्स?"

"मग तुम्हीच करा, वहिनी." फोन ठेवला. त्या वर्षी गणपतीला पेढे दाखवले म्हणे.

आता नोंदणी आली आहे. तो कागद मी स्वयंपाकघरात नाही लावला. बाहेरच्या दारावर लावलाय, चपला काढतात तिथे. वहिनींना मोदक हवे असतील तर त्यांनी यावं. चपला काढाव्यात, मान वर करून कागद वाचावा, मग ऑर्डर द्यावी.

फुकट एकही मिळणार नाही. देवालासुद्धा.