बोट माझं, आतडं त्याचं

"बोट माझं, आतडं त्याचं. टोचायचंच तर कुणाला टोचावं, सांगा बरं?"

पोट शिवताना आमचे सर्जन हे हमखास म्हणायचे. उजव्या हातात सुई, आणि डाव्या हाताचं बोट पोटाच्या आत, टाक्याच्या बरोबर खाली. सुईचं टोक आतड्यात घुसू नये म्हणून ते आधी स्वतःच्या बोटावर घ्यायचे. गोधडी शिवणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. त्याही असंच खालून बोट लावतात. पण गोधडीत कुणाचं रक्त नसतं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी करमाळ्याकडची, सोलापुरात भवानी पेठेत खोली घेऊन राहायचे आणि ऑपरेशन थिएटरात नर्स होते. रबरी हातमोजे तेव्हा फेकून देत नसत. धुवायचे, पाणी भरून भोक कुठं आहे ते बघायचं, वाळवून पावडर लावायची आणि वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा वापरायचे. असले मोजे सुईला काय अडवणार? ऑपरेशन संपलं की पुष्कळदा सरांच्या बोटावर लाल ठिपका दिसायचा. ते स्पिरिटचा बोळा दाबून धरायचे आणि हसायचे. "डास चावला, सिस्टर. आपल्या सोलापूरचे डास लई वाईट."

ते मोहोळजवळच्या एका खेड्यातले. लग्न केलं नव्हतं. गावाकडं आई शेत बघायची. खेड्यातला माणूस आला की सरांची भाषाच बदलायची. "घाबरू नगा, मामा. पोट हाय, पेटी न्हाय. उघडली तशी बंद बी करतो." आणि तेलुगू विणकरांच्या घरातली एखादी म्हातारी रडायला लागली, तर तिला तेलुगूत सांगायचे, "एमी कालेदु, अम्मा." काही झालं नाही. त्यांना तेलुगू तेवढंच येत होतं. पण तेवढ्यानं ती गप्प व्हायची.

एका हिवाळ्यात, सोलापूरची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, तेव्हा एक यंत्रमाग कामगार आला. पोट फळीसारखं कडक. आतडं फुटलेलं. आणि डोळे पिवळेजर्द. घरचे म्हणाले, पंधरवडा झाला, कावीळ आहे.

सरांनी आम्हाला बाजूला घेतलं. "ही कावीळ रक्तातून लागते. ज्याला भीती वाटते त्यानं बाहेर थांबावं. मी रागावणार नाही."

कुणी गेलं नाही. त्यांनी सगळ्यांना मोज्यांच्या दोन-दोन जोड्या घालायला लावल्या. स्वतःही घातल्या. पण पोट शिवायची वेळ आली तेव्हा वरचा मोजा काढून माझ्याकडं दिला.

"सर, राहू द्या की."

"बोटाला काही कळत नाही, सिस्टर. आंधळ्यासारखं वाटतंय."

त्या दिवशीही त्यांना सुई टोचली. तो कामगार मात्र बरा होऊन आपल्या पायांनी घरी गेला.

उन्हाळ्यात सरांचा चहा सुटला. जेवण नकोसं झालं. ते म्हणत, ऊन बाधलं. थिएटरात मास्कच्या वर माणसाचे फक्त डोळेच दिसतात. एका सकाळी मोठ्या दिव्याखाली मी त्यांचे डोळे पाहिले आणि हातातला चिमटा तसाच ठेवला.

"सर, जरा माझ्याकडं बघा."

त्यांनी बघितलं. माझ्या डोळ्यांवरून त्यांना कळलं. ते टेबलापासून मागं सरले, बेसिनवरच्या आरशात पाहिलं आणि सावकाश मोजे काढले. पेशंटला अजून भूल दिलेली नव्हती. त्याला म्हणाले, "आज नको, बाबा. डॉक्टरच आजारी हाय."

गावाहून आई आली. कुण्या जाणत्याकडून काविळीची माळ आणून तिनं लेकाच्या गळ्यात घातली. एवढा शिकलेला सर्जन ती माळ घालून कॉटवर बसलेला बघून आम्हाला हसू यायचं. ते मला हळूच म्हणाले, "तिला दुसरं काय करता येणार? घालू दे."

पिवळेपणा उतरला. पण मुंबईला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला तो वाईट. रोग रक्तात मुक्कामाला राहिला होता. त्या तपासणीचं नाव होतं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. सर म्हणाले, "घ्या! मी अक्कलकोटच्या पलीकडं कधी गेलो नाही, आणि रक्तात ऑस्ट्रेलिया." आम्ही हसलो. ते नाही हसले.

वरिष्ठ म्हणाले, बरे झालात, कामाला लागा, रक्ताचं कुणाला सांगायची गरज नाही. तसा नियमही नव्हता. सरांनी एवढंच विचारलं, "पोटात हात असताना मला सुई टोचली, तर माझं रक्त कुठं जातं?" त्यानंतर त्यांनी सुरी हातात घेतली नाही.

ते थिएटरात यायचे ते हात पाठीमागं बांधून. ज्युनियर डॉक्टर ऑपरेशन करायचा, सर शेजारी उभं राहून सांगायचे. एकदा बिड्या वळणारी एक बाई आली. गर्भ नळीतच राहून नळी फुटली होती, पोट रक्तानं भरलेलं. ज्युनियर हात थांबवून सरांकडं बघायला लागला. मला वाटलं, आता सर पुढं होणार. झाले नाहीत.

"माझा आवाज ऐका. हात खाली न्या. अजून. नळी बोटांत धरा. सापडली? आता दाबून ठेवा. बाई जगतेय, घाबरू नका."

बाई जगली. मी सामान आवरताना सरांकडं पाहिलं. उजव्या हातानं त्यांनी स्वतःचं डावं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की नखं रुतून कातडी सोलली होती.

पुढच्या वर्षी त्यांचं यकृत गेलं. पोटात पाणी व्हायला लागलं. आमच्याच दवाखान्यात, कोपऱ्यातल्या खोलीत होते. मी नुसती नाडी बघायला गेले तरी हात आखडून घ्यायचे. "मोजे घाला आधी." शेवटच्या आठवड्यात भ्रम झाला, माणसं ओळखेनाशी झाली, तरी कुणी जवळ आलं की हात चादरीखाली लपवायचे. एका दुपारी गेले. काविळीची लस तेव्हा निघालेली नव्हती.

दिवस झाल्यावर त्यांची आई त्यांचं सामान न्यायला आली. "माझा लेक कुटं काम करायचा, ते दाव," म्हणाली. मी तिला थिएटरच्या दारापर्यंत नेलं. तिनं चपला काढल्या, लांबूनच टेबल बघितलं. मग विचारलं,

"बाई, हा रोग त्याला कुणाचा लागला?"

मी म्हणाले, "एका पेशंटचा, आई."

"त्यो जगला का?"

"जगला. लेकरंबाळं आहेत. कामावर जातो."

तिनं पुन्हा टेबलाकडं बघितलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. तोंडाला पदर लावून तिथंच दारात खाली बसली. मीही तिच्या शेजारी फरशीवर टेकले. मोहोळची एसटी निघून गेली, तरी आम्ही दोघी उठलो नाही.