सर्वांत धाकट्यानं आधी बोलायचं

कर्नल माधव रिसबूड गेल्याची बातमी मला रियाधच्या ओलाया भागातल्या ऑफिसात, एका लांबलेल्या मीटिंगमध्ये, आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. मीटिंग संपेपर्यंत ग्रुपवर ‘रणांगणावरचा वाघ’, ‘सीमेवरचा सिंह’ अशी बरीच जनावरं जमा झाली होती. कुणीतरी रणगाड्याचं चित्रही टाकलं होतं. कर्नलना याची मजा वाटली असती. सैन्यातल्या तीसेक वर्षांत त्यांनी शत्रूवर एकही गोळी झाडली नव्हती. ते लष्कराच्या विधी शाखेत होते. सैनिकांवरच्या खटल्यांत, म्हणजे कोर्ट मार्शलमध्ये, ‘जज अॅडव्होकेट’ म्हणून बसायचे. “मी फक्त कलमं झाडली,” ते सांगत, “आणि तीही आपल्याच माणसांवर.”

पत्नी गेल्यावर पुण्याचं घर बंद करून ते रियाधला मुलीकडे, अनघाकडे, राहायला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात मंडळानं त्यांना गाठलं. परदेशातल्या मंडळाला शाल आणि नारळ सहज मिळतात, पण ते द्यायला मानकरी मिळत नाही. सत्काराच्या वेळी सूत्रसंचालकानं त्यांना तीनदा ‘न्यायमूर्ती’ म्हटलं. कर्नल माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “निकाल द्यायला पाच अधिकारी बसत. मी त्यांना कायदा समजावून सांगायचो. मत द्यायचा अधिकार मला कधीच नव्हता... म्हणजे तिथेही.” शेवटचे दोन शब्द ऐकून पहिल्या रांगेतल्या बायका आधी हसल्या.

पुढे आमची मैत्री झाली ती मॉलमध्ये. सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानं उघडायच्या आत आम्ही दोघं तिथल्या गार फरशीवर फेऱ्या मारायचो. ते इस्त्रीचा शर्ट खोचून यायचे. मी त्यांना लढायांच्या गोष्टी विचारायचो, ते मला पुरावा कसा वाचायचा ते सांगायचे. हळूहळू मला दुसराच विषय आवडायला लागला.

मग ते व्हॅनचं प्रकरण झालं. आमच्या वसाहतीतली आठ मुलं युनूसभाईंच्या व्हॅननं शाळेत जात. युनूसभाई दापोलीकडचे, अबोल, गाडी हळू चालवणारे. एका सकाळी मुलं शाळेत उतरवून त्यांनी व्हॅन सावलीत लावली, कुलूप घातलं आणि ते चहाला गेले. पाण्याची बाटली न्यायला परत आले तर मागच्या सीटवर एक मूल झोपेतून उठून रडत होतं. पाच वर्षांचा आरव, मंडळाचे अध्यक्ष दातारसाहेब यांचा नातू. थंडीचे दिवस होते म्हणून निभावलं. उन्हाळ्यात काय झालं असतं, याचा विचार आमच्यातल्या प्रत्येकानं केला, आणि विचार केल्यावर माणूस शोधतो तसा एक दोषीही शोधला.

संध्याकाळी समिती बसली, अनघाच्याच घरी. युनूसभाईंच्या कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा इकामा, इथं राहण्याचा परवाना, होता त्या सौदी मालकाला, तक्रारीचं पत्र द्यायचं ठरत होतं. अशा पत्राचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: नोकरी खलास, इकामा रद्द, आणि तीन मुलींचं शिक्षण चालवणारा माणूस पुढच्या विमानानं कायमचा घरी. पत्र मी टाइप करून नेलं होतं. चिटणीस होतो. इंग्रजी चांगलं झालं होतं, याचा मला थोडा अभिमानही होता.

“मी पोरं मोजली होती ओ साहेब,” दाराशी उभे असलेले युनूसभाई म्हणाले. “आज सात येणार, असा मेसेज होता. सात उतरली. मला वाटलं, झाली सगळी.”

“मोजून मूल गाडीत राहतं?” कुणीतरी ओरडलं.

दातारसाहेब घसा साफ करून बोलायला पुढे झुकले. कर्नलनी हात वर केला. “एक मिनिट, अध्यक्षमहाराज. इथे वयानं सर्वांत धाकटं कोण?”

धाकटी प्रांजली होती. तिचा नवरा दातारसाहेबांच्याच कंपनीत, त्यांच्याच हाताखाली. ती सहसा मीटिंगला चिवडा वाढायची.

“आमच्याकडे मतं विचारताना सुरुवात सर्वांत कनिष्ठापासून करतात,” कर्नल म्हणाले. “वरचा आधी बोलला की खालच्यांची मतं राहत नाहीत, नुसत्या माना राहतात. बोल बेटा. काय वाटतं ते नको, काय पाहिलंस ते सांग.”

प्रांजलीनं हातातली बशी खाली ठेवली. “आरव येणार नाही, त्याला सर्दी आहे, असा मेसेज सकाळी ग्रुपवर आला होता,” ती म्हणाली. “नंतर व्हॅन खाली उभी होती. युनूसभाई पुढे माझ्या मुलीचा पट्टा लावत होते. तेव्हा दातारकाकांनी मागच्या दारानं आरवला आत बसवलं आणि दार लावलं. मी बाल्कनीत होते. युनूसभाईंना कुणी काही सांगितलं नाही.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

“त्याला एकदम बरं वाटायला लागलं,” दातारसाहेब अखेर म्हणाले. “शाळेत जातो म्हणून हट्ट धरला. घाईत राहून गेलं. आणि मग दुपारपासून... मला सांगताच येईना.” ते लबाड नव्हते. अध्यक्ष होते, आणि अध्यक्षाला चूक कबूल करायची सवय नसते, एवढंच.

मी पत्राची घडी करून खिशात घातली. पण कर्नलनी युनूसभाईंना तसंच सोडलं नाही. “मोजणं बरोबर होतं, बघणं राहिलं. यापुढे सगळे उतरले की शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं. आकडा जुळला तरी.”

“जातो, साहेब,” युनूसभाई म्हणाले. प्रांजलीनं पाणी आणून दिलं.

पुढच्या सुट्टीला मॉलमध्ये मी कर्नलना म्हटलं, “तुमची युक्ती भारी होती.” ते एका बंद दुकानापाशी थांबले.

“युक्ती नाही. प्रायश्चित्त आहे,” ते म्हणाले. एका खटल्यात, मतं घेण्याआधीच्या चहाला, मुख्य अधिकारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, ‘केस तर साधी आहे.’ त्यानंतर धाकट्यापासून मतं विचारली गेली, अगदी नियमानं. “मी ते वाक्य नोंदवून घ्यायला हवं होतं. माझं काम तेवढंच होतं. पण त्या वर्षी माझी बढती अडकली होती, आणि ते गृहस्थ मोठे होते. मी बिस्कीट खात राहिलो. जवानाला बडतर्फ केलं.”

“कुणी काय मत दिलं?”

“ते सांगायचं नाही अशी शपथ असते. बिस्किटाबद्दल शपथ नव्हती.”

“तो निर्दोष होता?”

“माहीत नाही,” ते म्हणाले. “ते कळायची जागा तीच होती... आणि ती मी जाऊ दिली.” आणि पुन्हा चालायला लागले, नेहमीपेक्षा जरा भरभर.

कर्नल गेल्यावर त्यांना पुण्याला न्यायची कागदपत्रं जमवायला अनघाला आठवडाभर लागला. एकेका शिक्क्यासाठी एकेक खिडकी. कर्नल पुण्याला निघाले तेव्हा आम्ही सातआठ जण युनूसभाईंच्या व्हॅनमधून विमानतळाच्या कार्गोपर्यंत मागोमाग गेलो. दातारसाहेबही होते, पुढे न बसता मधल्या सीटवर. परतीच्या वाटेवर कुणी भाषण केलं नाही. मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं असावं.

ओलायाला अनघाच्या इमारतीखाली आम्ही सगळे उतरलो. युनूसभाईंनी इंजिन बंद केलं आणि ते आत चढले. प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत ते मागे जाऊ लागले.

“युनूसभाई, आम्ही मोठी माणसं आहोत,” अनघा रडवेल्या आवाजात, पण हसत म्हणाली. “कोण राहणार आत?”

“असूं दे ताई,” ते आतूनच म्हणाले, आणि शेवटच्या सीटखाली वाकून पाहिलं.