चौतीस वर्षांचा हात आणि प्लास्टिकचं हाऊसिंग

“हात लावू नको! झाकणाला हात लावू नको!”

मी रस्त्यावरूनच ओरडलो. संगीता हातात फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण पिळायच्या बेतात होती. बॉनेट उघडं, आतून वाफ, आणि अंगणभर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, तो गोडसर वास. रविवारची सकाळ, आठ वाजले असतील.

“मामा, पाणी संपलंय वाटतं. ओतू का?”

“ओत. आणि तोंड भाजून घे. सरक बाजूला.”

गरम इंजिनचं झाकण उघडलं की आतलं उकळतं पाणी दाबानं थेट अंगावर येतं. माझ्या उजव्या मनगटावर त्याची खूण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षातली.

नोकरी म्हणजे ट्रकच्या वर्कशॉपमध्ये डिझेल मेकॅनिकची. चौतीस वर्षं केली. रिटायर होऊन मांडवगणला घरी आलो त्याला आता तीन वर्षं झाली. गावात सगळे मला मामा म्हणतात आणि फुकट सल्ले नेतात. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

संगीता आमच्या गल्लीतली सून. शिक्रापूरच्या एका कारखान्यात तीन वर्षं लाईनवर ऑपरेटर होती. जाण्यायेण्याचे हाल फार. पहिल्या शिफ्टला वेळेवर पोचवणारी एकही बस आमच्याकडून नाही. शेवटी तिनं नोकरी सोडली. तिच्याबरोबरच्या सहा जणी कशाबशा टिकून होत्या, आणि त्यांतल्या दोघी आता सोडायच्या बेतात होत्या. मग हिच्या डोक्यात आलं, आपणच गाडी चालवावी. ड्रायव्हिंग शिकली, लायसन काढलं, प्रवासी वाहतुकीचा बॅज काढला, एक जुनी सात सीटर घेतली. कारखान्याच्या एचआरच्या साहेबांकडे महिनाभर खेटे घातले, तेव्हा कुठं सहा बायकांचा रूट मिळाला. पहिली फेरी सोमवारी. म्हणजे उद्या.

दुसरी गाडी लावून भागणार नव्हतं. गेटपास गाडीच्या नंबरावर असतो. त्या नंबरची गाडी गेटवर आली नाही, तर रूट बंद.

तेवढ्यात तिचे सासरे, आबा, चहाचा कप घेऊन बाहेर आले. आबांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला.

“विलासराव, त्यातलं वाल्व काढून फेका,” आबा म्हणाले. “आमच्या ट्रॅक्टरला कवाच न्हवतं. आपल्याकडं ऊन काय कमी हाय व्हय?”

आबा ज्याला वाल्व म्हणतात त्याचं नाव थर्मोस्टॅट. सोपं सांगतो. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, तापलं की जाऊ द्यायचं, एवढंच त्याचं काम. शेताच्या पाटाला दारं धरतो ना, तसं. आणि ते ज्या डबीत बसतं ती डबी म्हणजे हाऊसिंग. आमच्या भागात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धतच आहे. मीही जुन्या ट्रकांत डझनावारी काढलेत. पण आताच्या गाडीत ते काढलं की इंजिन धड तापत नाही, पेट्रोल पितं आणि मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो. गेटवरच्या तपासणीत तो दिवा पहिला बघतात.

इंजिन निवेपर्यंत तासभर थांबलो. मग टॉर्च मारून पाहिलं. हाऊसिंगच्या बुडाशी पांढरा-हिरवा थर वाळून बसला होता. नखानं खरवडला तर खाली केसाएवढी चीर.

“वाल्वचा दोष नाही आबा, डबीच फुटलीय. वाल्व काढलं तरी गळायचं ते गळणारच.”

“लोखंडाची डबी अशी कशी फुटंल?”

“लोखंडाची कुठली? प्लास्टिकची आहे.”

“इंजिनवर प्लास्टिक?” आबांनी कप खाली ठेवला. “कलियुग हाय बाबा.”

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. आधीच्या मालकानं कूलंट कमी झालं की वरून बोअरचं पाणी ओतलं असणार. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात चहासुद्धा धड होत नाही, इतके क्षार. आत सगळं चुनखडीसारखं जमलं होतं. उष्णतेनं प्लास्टिक कडक झालं आणि तडकलं. काम तसं मोठं नव्हतं. नवीन हाऊसिंग आणायचं, तीन बोल्ट, एक होस पाइप, एक रबरी रिंग. घरच्या अंगणात होण्यासारखं.

“तीन तासांत देतो,” मी म्हणालो. इथं माझं पहिलं चुकलं.

मोटारसायकल काढून दौंडला गेलो. रविवार असल्यामुळे स्पेअर पार्टचं एकच दुकान उघडं सापडलं, तेही अर्ध्या शटरनं. दुकानदारानं हाऊसिंगचा डबा काढून दिला. शेवटचाच होता.

“मामा, आत कागद हाय, वाचून घ्या. प्लास्टिक हाय, जोर लावू नका.”

“चौतीस वर्षं पाना धरलाय मी,” मी म्हणालो.

“तेच म्हणतोय,” तो म्हणाला.

मला राग आला. कालचा पोरगा मला शिकवतो!

बाराच्या सुमारास परत आलो. संगीतानं तोवर गाडीखाली घमेलं लावून उरलेलं पाणी काढून ठेवलं होतं. गंजकट, चहाच्या रंगाचं. मी क्लिप ढिली केली, होस पाइप सोडवला, तीन बोल्ट काढले, जुनं हाऊसिंग उचललं. खालची बसायची जागा ब्लेडनं खरवडून साफ केली. नवीन रिंग बसवली, हाऊसिंग ठेवलं, बोल्ट हातानं फिरवून घेतले. इथपर्यंत काम झकास. मग बोल्टाच्या डोक्यावर बसणारा गोटी पाना घेतला.

पहिला बोल्ट बसला तसं संगीता म्हणाली, “बास ना, मामा?”

“अजून थोडं.”

“आम्हाला लाईनवर किती आवळायचं त्याचा टॉर्क ठरवून दिलेला असायचा. तेवढा झाला की...”

“तुझी लाईन तिकडं. इथं हाताला कळतं.”

ट्रकचा बोल्ट आवळताना आम्ही अंगाचं वजन टाकायचो. पाना थांबला की वर आणखी एक पाव फेरा, सुटायला नको म्हणून. ती सवय मनगटात मुरलेली. दुसरा बोल्ट बसला. तिसऱ्याला पाव फेरा दिला आणि आवाज आला.

टक्.

आवाज म्हणजे काय, बारीकसा. शेंग फोडावी तेवढा. हाऊसिंगचा एक कान, म्हणजे बोल्ट जातो ती बाजू, उभी चिरली होती.

संगीता टॉर्च धरून उभी होती. तिनंही पाहिलं होतं.

मला लाज वाटली. साठी उलटलेल्या माणसाला लाज वाटली की कुठं बघावं ते कळत नाही. मी पान्याकडे बघत बसलो. एक वाईट विचारही येऊन गेला. दोन मसाले कालवून लावायचा इपॉक्सी चिकटा माझ्या पेटीत होता. तो भरला असता तर वरून दिसलं नसतं. उद्याचा दिवस निघाला असता, कदाचित परवाचाही. मग कुठंतरी वाटेत न्हावऱ्याच्या पुढं, पहाटे, सहा बायका आत असताना ते सुटलं असतं.

“फुटलं व्हय?” आबांनी लांबूनच विचारलं.

“फुटलं नाही, मी फोडलं,” मी म्हणालो. “संगीता, चूक माझी आहे. तू सांगत होतीस ते ऐकायला पाहिजे होतं.”

ती काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेब. तिनं फोन स्पीकरवर टाकला, हात काळे होते म्हणून.

“संगीताताई, गाडी रेडी ना? मीटरचा फोटो पाठवा, इंजिन चालू ठेवून.”

मला वाटलं, आता ही काहीतरी ठोकून देईल. मी तरी दिलं असतं.

“सर, गाडीचं कूलिंगचं काम निघालंय. पार्ट बदलतोय. फोटो सातला पाठवते.”

“हे आज सांगताय?”

“आजच बिघडली, सर.”

“बघा हं. सहा वीसला त्याच नंबरची गाडी गेटवर पाहिजे. नाहीतर मला रूट बंद दाखवावा लागेल. वरून विचारतात मला.”

“येते, सर.”

फोन बंद झाला. ओट्यावर तिची सासू गहू निवडत होती, तिचे हात थांबले होते. संगीताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते कोपरानं पुसलं आणि म्हणाली, “मामा, दौंडवाल्याला फोन लावा. रडून काय गाडी चालणार हाय?”

लावला. काय झालं ते सांगितलं. बिचारा हसला नाही. “थांबा,” म्हणाला. दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. यवतला त्याच्या मेव्हण्याचं दुकान, तिथं एक नग होता. दुकान बंद होतं, पण मेव्हणा घरीच होता, उघडून देणार होता.

या वेळी मी एकटा गेलो नाही. संगीताला म्हणालो, “चल, तुझ्याशिवाय मला आता बोल्टाची भीती वाटायला लागलीय.” मोटारसायकल तिनंच चालवली. मी मागं बसलो. भीमेच्या पुलावर दोघं-तिघं ओळखीचे भेटले आणि हसले. हसू देत.

यवतच्या मेव्हण्यानं हाऊसिंग काढून दिलं. संगीतानं डबा तिथंच उघडला, आतला कागद काढला आणि उभ्या-उभ्या वाचला. मी पहिल्या डब्यातला कागद बघितलासुद्धा नव्हता.

“बोल्टाला जोर फक्त दहा न्यूटन मीटर,” ती म्हणाली. “भाऊ, छोटा टॉर्क रेंच हाय का तुमच्याकडं?”

टॉर्क रेंच म्हणजे जोर मोजणारा पाना. मूठ फिरवून आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की तो ‘कट्’ वाजतो आणि आपण थांबायचं. आमच्या वर्कशॉपमध्येही होता. मोठा, इंजिनचं हेड बसवायला. बाकी ठिकाणी तो वापरणं आम्हाला कमीपणाचं वाटायचं.

मेव्हण्याच्या शेजारी टू-व्हीलरचं गॅरेज होतं, तिथून त्यानं एक छोटा मिळवून दिला. “मंगळवारपर्यंत आणून द्या,” एवढंच म्हणाला.

अंगणात परत आलो तेव्हा साडेचार झाले होते. मी जागा पुन्हा पुसली, रिंग बसवली, हाऊसिंग ठेवलं. मग पाना संगीताच्या हातात दिला.

“मी?”

“हो. तू.”

तिनं आधी आकडा लावून मला दाखवला. मी मान हलवली. मग तिन्ही बोल्ट बोटांनी फिरवून घेतले. पहिल्याला थोडं, दुसऱ्याला थोडं, तिसऱ्याला थोडं. एकदम एकच बोल्ट आवळला नाही. पुन्हा पहिल्यापासून. कट्. दुसरा, कट्. तिसरा आला तेव्हा मी डोळे मिटले, खरंच मिटले. कट्. तिनं लगेच पाना उचलला. एक केसभरही पुढं नाही. मग घरातून तिनं पोराचा पिवळा स्केचपेन आणला आणि प्रत्येक बोल्टावर एक रेघ ओढली.

“हे कशाला?”

“झालेल्याची खूण. खूण असली की परत हात लावायचा न्हाई. लाईनवर दिवसाला चारशे बोल्ट असायचे, मामा. हाताचं ऐकलं असतं तर पहिल्याच आठवड्यात काढलं असतं मला.”

तीन वर्षं दिवसाला चारशे बोल्ट म्हणजे त्या कामात ती माझ्या पुढं होती. आणि मी तिला गप्प केलं होतं.

पुढचं काम माझं. आधी दोनदा स्वच्छ पाणी भरून काढलं, मग कूलंट आणि बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आता यात फसगत अशी की आत हवा अडकते. पाणी भरलेलं दिसतं आणि इंजिन तरी तापतं. म्हणून झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करायचं, हीटर फुल्ल करायचा आणि होस पाइप दाबत राहायचं. बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत दम धरायचा. या कामाला जोर लागत नाही, म्हणून मला ते कधी आवडलं नाही. त्या दिवशी मी ते अर्धा तास केलं.

झाकण लावलं. काटा हळूहळू चढला. निम्म्यावर आला आणि थांबला. रेडिएटरचा पंखा फिरला, बंद झाला, पुन्हा फिरला. हाऊसिंगच्या बुडाशी मी कोरडा कागद धरला. कोरडाच राहिला. गाडी घेऊन पुलापर्यंत जाऊन आलो, पुन्हा कागद धरला. कोरडा.

सातला पाच कमी असताना संगीतानं साहेबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, “ओके.” तिनं ते सासूला वाचून दाखवलं, मग आबांना, मग मला. तीन वेळा.

सोमवारी पहाटे पाचला सहा जणी डबे घेऊन गाडीत बसल्या. ज्या दोघी नोकरी सोडणार होत्या, त्या सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या होत्या. गाडीत मला जागा नव्हती. मी घरी आलो आणि फोन समोर ठेवून ओट्यावर बसलो. बायको म्हणाली, “चहा गार झाला.” होऊ दे म्हटलं.

सहा वाजून चौदा मिनिटांनी फोन आला. मागं बायकांचा नुसता गलका.

“मामा, गेटवर हाय. काटा निम्म्यावर हाय. साहेब सोता बाहेर आलते. बॉनेट उघडून बघितलं आन् सही केली. म्हणले, दुपारच्या शिफ्टच्या बायका पण विचारत्यात, दुसरी फेरी मारता का.”

“मग काय म्हणालीस?”

“मारते म्हणले.”

मी शाबास म्हणायला गेलो आणि नुसतं ‘हूं’ केलं. फोन ठेवून डोळे पुसले. बायकोनं पाहिलं आणि दुसरा चहा टाकायला गेली.

त्यातून मी काय शिकलो, तर लोखंडानं माझा जादा जोर चौतीस वर्षं मुकाट्यानं सोसला आणि मी त्याला कसब समजत होतो. आता पार्टचा डबा उघडला की आधी कागद काढतो, चष्मा लावतो, वाचतो. आणि बोल्टाशी पोचलो की संगीता घरी आहे का ते विचारतो.