धारासूरकर सरांचा बिबळ्या

समस्त परभणीकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या जिल्ह्यात फुलपाखराची एक नवी प्रजाती जन्मास आली, पंधरवडाभर जगली आणि कॉलेजच्या सभागृहात सर्वांदेखत वारली. तिचे जनक आणि मारेकरी एकच: प्राणिशास्त्राचे प्राध्यापक धारासूरकर. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवत होतो, म्हणून हे सुतकाचं काम माझ्याकडे आलं.

फुलपाखरू ओळखायला सरांना फक्त पंख लागत. टाचणी टोचली, पंख पसरले, निकाल तयार. एका पोरानं भीतभीत विचारलं, "सर, याला पाय चारच दिसायलेत. किड्याला सहा असतात ना?"

"पाय बघायला तू काय जोडे विकतोस? पंख बघ, पंख! धडाला कोण विचारतंय?"

पुढचे दोन पाय आखडून छातीशी धरलेले असतात, हे मला पुढं कळलं. सरांना कधीच कळलं नाही.

ताडकळसच्या रस्त्यावर रुईच्या झुडपाशी सरांनी एक नारिंगी फुलपाखरू पकडलं. रुईवर नारिंगी दिसला की तो बिबळ्या कडवा, एवढं आम्हालाही ठाऊक. पण बिबळ्याच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. याच्या मधली जागा कोरी, आणि वरच्या कडेला एकच ठिपका. सर स्टाफरूममध्ये आले ते वरातीतल्या नवरदेवासारखे.

"कविराज, नवी प्रजाती! हिला माझं नाव लागणार. दुनिया धारासूरकर म्हणणार, दुनिया!"

आठवड्यात त्यांच्या दारावर 'नवप्रजातीचे शोधक' अशी पाटी लागली. प्राचार्यांनी सत्कार ठरवला. नागपूरच्या तज्ज्ञांनी नमुना पाहून मान डोलावली की नाव पक्कं.

सत्काराच्या सकाळी पेटी उघडली, तर लाल मुंग्यांनी धड फस्त केलेलं. पंख तेवढे शाबूत.

"आता हो, सर?" मी विचारलं.

"आता काय? पंख हायेत ना!"

त्यांनी दुसऱ्या पेटीतला एक साधा बिबळ्या घेतला, त्याचे पंख खुडले आणि उरलेल्या धडाला नव्या प्रजातीचे पंख डिंकानं चिकटवले. हात सराईत होता. त्यांच्या अर्ध्या संग्रहाची तब्येत डिंकावरच टिकून होती.

नागपूरचे तज्ज्ञ पाहुणे आले: डॉ. सुरेश सखाराम. सावळे, साधा बुशशर्ट, मितभाषी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आमच्या स्टाफरूममध्ये चहा पुढं करण्याआधी माणसाचं आडनाव चाचपलं जाई. या गृहस्थांनी ते पत्रातही घातलं नव्हतं.

भरल्या सभागृहात त्यांनी भिंग लावून नमुना पाहिला.

"पंख छोट्या चांदव्याच्या मादीचे आहेत," ते म्हणाले. "बिबळ्या कडू, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ही त्याचं सोंग घेऊन जीव वाचवते. ठिपक्यांवरून पकडली जाते. जुनी, माहीत असलेली प्रजाती आहे."

सरांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "अहो, पण धड बघा की! काळ्या छातीवर पांढरे ठिपके. हे कुठल्या चांदव्याला असतात?"

जन्मात पहिल्यांदा सरांनी धडाची साक्ष काढली, आणि काढली तीही उसन्या धडाची!

"धड बिबळ्याचंच आहे," पाहुणे शांतपणे म्हणाले. त्यांनी ओला कुंचला सांध्यावर टेकवला. सकाळचा डिंक अजून वाळला नव्हता. पंख अलगद कुंचल्यासोबत वर आला.

मागच्या बाकावरून आवाज आला, "आरं, सरांनी कलम केलंय की!"

सभागृह फुटलं. प्राचार्य हातातला हार कुठं ठेवावा ते शोधू लागले. सर मात्र हसणाऱ्यांकडे बघत नव्हते, गळून पडलेल्या नावाकडेही नाही. ते पाहुण्यांना आपादमस्तक न्याहाळत होते. समोरचा माईक चालू आहे, याचंही भान त्यांना उरलं नाही.

"ते सगळं राहू द्या हो," ते म्हणाले, "पण तुमचं आडनाव काय?"