दोन चांगले दात

खालच्या उजव्या बाजूची आईची एक दाढ फार पूर्वीच काढलेली होती. ती डावीकडून खायची आणि तिचं काही अडत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात डावीकडं दुखायला लागलं म्हणून मी तिला आमच्या राहू गावाहून शिरूरला बोलावून घेतलं आणि माझ्या कॉलेजजवळच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी दुखणारी दाढ भरून दिली, पण मग त्या रिकाम्या जागेवर आरसा धरला. वरची दाढ तिथं खाली उतरायला लागलीय, म्हणाले, ब्रिज बसवायला हवा.

ब्रिज म्हणजे एकमेकींना जोडलेल्या तीन कॅपा. मधली नसलेल्या दाढेची, आणि तिला धरून ठेवायला शेजारच्या दोन दातांवर दोन. त्यासाठी ते दोन दात चारी बाजूंनी घासून बारीक करावे लागतात. आईचे ते दोन्ही दात चांगले होते, साधी कीडही नव्हती. स्क्रूचा दात बसवायला तिथलं हाड पुरत नव्हतं. काढ-घालीचा दात आईनंच नको म्हटला. माझ्या चुलतीनं तसला दात खुरपताना पदराच्या गाठीत बांधला होता आणि तो कांद्याच्या वाफ्यात गेला, हे आमच्या सगळ्या आळीला माहीत आहे.

आई माझ्याकडं वळली. "तू शिकलेली हायस. तू सांग, करू का नको?"

मी इतिहास घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळं औषधाच्या बाटलीवरचं असो की बँकेचा कागद असो, सगळं माझ्यापुढं येतं. वडलांना, म्हणजे आप्पांना, फोन लावला तर तेही म्हणाले, तुला कळतंय तसं कर. मला काहीच कळत नव्हतं. कळत नाही असं डॉक्टरांसमोर म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटलं, करा.

आत मशीन सुरू झालं आणि मी बाहेर खुर्चीवर बसले. बसले कसली, उठत होते नि बसत होते. बाहेर आलेल्या आईचा गाल सुजल्यासारखा दिसत होता. डॉक्टरांनी माप घेऊन पुण्याच्या लॅबला पाठवलं होतं आणि घासलेल्या दातांवर तात्पुरती प्लास्टिकची कॅप बसवली होती. आई न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं गावी गेली, मी वर्गात बसले, पण तो आठवडा माझं कशात लक्ष लागलं नाही. फोनवर ब्रिजसाठी दात बारीक करतानाचे व्हिडिओ बघायचे आणि अर्ध्यात बंद करायचे. माझी जीभ सारखी माझ्याच दातांवरून फिरायची. नको म्हटलं असतं तर? आता तसं म्हणायची सोयच राहिली नव्हती.

ब्रिज आला तेव्हा मी तिच्यासोबत आत गेले. डॉक्टरांनी तो नुसता ठेवून बघितला, जास्त टेकतं तिथं खूण उठवणारा निळा कागद दाताखाली धरून चावायला लावलं, थोडं घासलं आणि विचारलं, "कसं वाटतंय, मावशी? उंच लागत नाही ना?"

"बरं हाय की," आई म्हणाली.

आई कुणालाही बरं हाय म्हणते. कासार बांगड्या भरताना हात सोलून निघाला तरी त्याला बरं हाय म्हणते, कारण तो एवढा उन्हातून आलेला असतो. आता तिचे ओठ मिटले होते, पण जबडा मिटला नव्हता. बाहेर माणसं थांबली होती, म्हणून तिला उरकायचं होतं. आणि पक्कं सिमेंट लावलं की ब्रिज कापूनच काढावा लागतो, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलेलं. ते सिमेंटची ट्यूब उघडत होते.

"सर, जरा थांबता का? तिला लागतंय."

"तुला काय कळतंय माझ्या तोंडातलं?" आई म्हणाली. "गप बस."

डॉक्टर थांबले. त्यांच्या कपाळावर आठी आली. ती कुणासाठी होती ते समजलं नाही. त्यांनी आईला परत विचारलं.

"म्हंजी, पहिलं तेच टेकतंय. मग बाकीचे. पण हुईल की सवय."

"अशी सवय होत नसते, मावशी. जबडा दुखायला लागेल."

परत निळा कागद, परत घासणं. डॉक्टरांनी विचारलं, आता? आई म्हणाली, अजून. पुन्हा घासलं. आई म्हणाली, अजून, जरासं मागच्या अंगाला. मला आता दुसरीच धास्ती, की हे थांबायचं कधी आणि डॉक्टर चिडणार तर नाहीत. शेवटी तिनं दात मिटले, उघडले, पुन्हा मिटले, बाजूला सरकवून बघितले आणि मान हलवली.

डॉक्टरांनी सिमेंट कालवायला घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. "मग, लावू ना?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "तिला काय इचारताय? दात माझं हायेत. लावा."

ब्रिज दाबून बसवल्यावर डॉक्टरांनी तिला कापसाचा बोळा चावून धरायला दिला आणि अजिबात बोलू नका म्हणाले. ती डोळे मिटून बसली. मी शेजारी उभी राहिले. मी करा म्हटलं ते चुकलं तर नाही ना, इथपासून तिला विचारायचं पुष्कळ होतं.